कॉल नसलेला प्रश्न

संशोधनासाठी अनुदान मागणारा डॉक्टर अर्ज भरताना स्वतःशी कितपत खरं बोलतो, हे त्याच्याशिवाय कुणालाच कळत नाही. समितीपुढे प्रस्ताव येतो, त्यामागचा क्रम येत नाही. वॉर्डात राउंड घेताना एखादी गोष्ट खटकली, तिचा प्रश्न झाला आणि मग पैशाची शोधाशोध केली, हा एक क्रम. आधी 'कॉल' पाहिला, म्हणजे अमुक विषयावर प्रस्ताव मागवल्याची जाहिरात वाचली, आणि मग तिच्यात बसेल असा प्रश्न बेतला, हा दुसरा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पार्श्वभूमी, उद्दिष्टं, नमुनासंख्या, बजेट, सगळं जागच्या जागी असतं. मार्क मिळतात ते मांडणीला.

मी विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवतो. पीजींच्या थीसिसचा गाइड आहे, कॉलेजच्या संशोधन समितीवर बसतो, स्वतःही प्रस्ताव लिहितो. मागणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची अशा दोन्ही खुर्च्या वाट्याला आल्यामुळे एक गोष्ट पक्की कळली आहे. दुसऱ्याच्या प्रस्तावात जे चटकन दिसतं, ते आपल्या प्रस्तावात दिसू नये याची सोय मन फार शिताफीनं करतं. म्हणून हा हिशेब स्वतःपुरता मांडतो आहे.

'आपल्याकडे संधीच कुठे आहेत' हे पालुपद आता पूर्वीसारखं आळवता येत नाही, हे आधी कबूल करायला हवं. 1911 मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन म्हणून सुरू झालेली आणि 1949 पासून आयसीएमआर या नावानं ओळखली जाणारी संस्था 1979 पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देते. एसटीएस हे त्या योजनेचं नाव, ते काढलं की कुठल्याही कॉलेजात पोरांचे कान टवकारतात. एमडी-एमएसच्या थीसिसला अर्थसाहाय्य आहे. 2007 मध्ये केंद्रात आरोग्य संशोधनाचा वेगळा विभाग झाला. त्यानं सरकारी कॉलेजांत एमआरयू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळा उभारायला पैसा दिला आणि घरसंसारामुळे कामात खंड पडलेल्या स्त्री-संशोधकांसाठी फेलोशिप ठेवली. 2008 पासून जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या भागीदारीतली इंडिया अलायन्स डॉक्टरांना क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्याच्या फेलोशिप देते. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेनं तयार केलेला संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स तर पीजींना सक्तीचा आहे. रात्री ड्युटीवर, दोन ॲडमिशनच्या मध्ये, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पळवत बसलेले रेसिडेंट मी रोज पाहतो.

आणि तरीही डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 ते 2014 या दहा वर्षांचा जो ताळा मांडला, तो वाचून मान खाली जाते. 579 वैद्यकीय संस्था पाहिल्या, त्यांतल्या 332 संस्थांच्या, म्हणजे 57.3 टक्के संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. वर्षाला शंभराहून जास्त निबंध देणाऱ्या संस्था होत्या फक्त 25, आणि एकूण निबंधांतले 40.3 टक्के त्यांचे होते. पाणी आधीच ओल्या असलेल्या वावराकडेच वळतं, तसा पैसाही आधी पैसा मिळालेल्याकडेच वळतो. ज्याच्याकडे डीप फ्रीझर आहे, संख्याशास्त्रज्ञ आहे, हिशेब सांभाळणारा कारकून आहे, त्याचा प्रस्ताव भक्कम दिसतो. जिल्ह्याच्या ठिकाणचा डॉक्टर त्याच अर्जातल्या 'उपलब्ध सुविधा' या रकान्याशी अडखळतो.

हे सगळं खरं आहे, आणि यात मला सोयीचंही बरंच आहे. व्यवस्थेला दोष दिला की माझ्या प्रश्नाकडे पाहावं लागत नाही.

माझ्या भागातला आजार सिकलसेल. हाडंसांधे ठणकत असलेला तरुण रात्री कॅज्युअल्टीत येतो, बरोबरची आई त्याची जुनी कार्डं पिशवीतून काढते, आणि डॉक्टरनं विचारायच्या आत सांगते, "सिकल आहे साहेब, एसएस." या आजाराचा इतिहास मी विद्यार्थ्यांना मोठ्या उत्साहानं सांगत असतो. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे हे दाखवलं. आजाराचं मूळ एका रेणूपर्यंत नेऊन भिडवण्याची ती पहिलीच वेळ. 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो भारतात प्रथम नोंदला गेला. 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकल ट्रेटवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. पण रुग्णाच्या हातात उपयोगी गोळी पडायला किती काळ लागला? प्रौढ रुग्णांमध्ये हायड्रॉक्सीयुरियाचा गुण दाखवणारी मोठी चाचणी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत या आजारासाठी त्या औषधाला मान्यता मिळाली 1998 मध्ये. रेणू कळल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षांनी! त्यातही औषध नव्यानं शोधायचं नव्हतं, कॅन्सरवर ते आधीपासून वापरात होतं. प्रयोगशाळेपासून खाटेपर्यंतच्या या लांबलचक वाटेवर चालणारी माणसं तयार व्हावीत, म्हणून तर आता जगभर ट्रान्सलेशनल संशोधनाच्या फेलोशिप निघाल्या आहेत.

मग 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलन, असं त्याचं लक्ष्य. आणि आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य ऐकू येऊ लागलं, "सर, सिकलवर काहीतरी टाकू या का?" या वाक्यात वावगं काहीच नाही. मीही ते म्हटलं आहे. पण एकट्यानं बसलो की मन विचारतं, तो तरुण आणि त्याची आई तर त्याआधीही याच कॅज्युअल्टीत येत होती. 1958 चा नागपूरचा निबंध लायब्ररीत होता. मग हा प्रश्न माझ्या लेखी 2023 मध्येच 'संशोधनाजोगा' कसा झाला?

याला सरळ उत्तर आहे, पैसा आला म्हणून. हे उत्तर लाजिरवाणं मानायचं की नाही, यावर मी बराच विचार केला. पैशाशिवाय एचपीएलसीचे किट येत नाहीत, नमुने गोठवता येत नाहीत, घरोघर फिरणाऱ्याला पगार देता येत नाही. पैशाच्या मागे आलेल्या माणसांमुळे तपासण्या वाढल्या, तंत्रज्ञ शिकले. तेव्हा 'आधी प्रश्न, मग पैसा' हाच तेवढा पवित्र क्रम असं म्हणणं हीसुद्धा एक ऐट आहे. पॉलिंग तरी कुठे वॉर्डात राउंड घेत होते? आजार रुग्णापाशी दिसतो, पण त्याची किल्ली कधी कधी रुग्णाचं तोंडही न पाहिलेल्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती लागते. त्यामुळे प्रश्न कुठून आला यावरून त्याची जात ठरवायची नाही, एवढं मी स्वतःशी ठरवलं.

पण एवढ्यानं सुटका होत नाही. कारण दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. ज्यासाठी कॉल निघत नाही, असे कोणते प्रश्न मी नुसते पाहून सोडून देतो?

असं म्हटलं की महाराष्ट्रात लगेच एक नाव निघतं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशानं माणसं मरताना त्यांनी पाहिली, लक्षणं टिपली, 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध या दंशावर वापरून मृत्यूचं प्रमाण कुठल्या कुठे खाली आणलं. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांची सत्तर रुग्णांवरची चाचणी छापून आली, नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन आणि प्रतिविष अशी. रुग्णच समोर आणि प्रश्नही समोर.

बावस्करांचं उदाहरण मीही वर्गात देतो. पण ते देताना माझ्या मनात दोन पळवाटा एकदम उघडतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिली अशी की ते अलौकिक होते, आपण साधी माणसं, तेव्हा आपल्याकडून ती अपेक्षाच नको. दुसरी पळवाट व्यवस्थेच्या कामाची आहे. बघा, पैसा नसतानाही करणारे करतातच, मग पैसा कशाला? संशोधन आणि विकासावर हा देश आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च करतो. एकट्या माणसाच्या जिद्दीचे गोडवे गाऊन तो आकडा झाकता येतो. माझ्या विद्यार्थ्यानं चांगल्या प्रश्नासाठी पदरचे पैसे घालावेत, रात्रीची झोप घालावी आणि मी त्याला बावस्करांची गोष्ट सांगावी, हा अन्याय आहे. आणि साध्या निरीक्षणाच्या अभ्यासाला वही, पेन आणि चिकाटीपलीकडे फारसं लागत नसताना मी 'ग्रँट नाही' म्हणावं, हाही अप्रामाणिकपणाच. कुठल्या प्रश्नाला खरोखर पैसा लागतो आणि कुठल्याला फक्त मी लागतो, याची यादी करायला बसलो की दुसरी यादी वाढत जाते.

कॉल नसलेल्या प्रश्नांचा आणखी एक वर्ग आहे, ज्यांच्या उत्तरातून कुणाचाच धंदा होत नाही असे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं तर काय होतं, हा प्रश्न कुठली औषध कंपनी विचारील? अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर चालणाऱ्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी तो अकरा केंद्रांतल्या सोळाशे स्त्रियांमध्ये विचारला. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेल्याचं 2023 मध्ये छापून आलं. त्याच संस्थेत डोक्या-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, अवघं 20 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेलं. 'माझ्या रुग्णाला हे परवडत नाही' या रोजच्या हतबलतेचाच तिथे प्रश्न झाला. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनीही सिकलसेलच्या मुलांमध्ये हायड्रॉक्सीयुरियाची कमी आणि ठरावीक मात्रा तपासून 2012 मध्ये निष्कर्ष छापले, म्हणजे अभियानाच्या अकरा वर्षं आधी. हतबलता माझ्याही ओपीडीत रोज असते. तिचा प्रश्न करायला जे शिक्षण लागतं, ते मी विद्यार्थ्यांना देतो आहे का?

इथे प्रशिक्षणाकडे वळावं लागतं. आमच्या कार्यशाळांमध्ये नमुनासंख्या काढायला, पी-व्हॅल्यू वाचायला, जीसीपीचं, म्हणजे चाचण्यांच्या आचारपद्धतीचं, सर्टिफिकेट मिळवायला, सिनॉप्सिस विद्यापीठाच्या साच्यात बसवायला शिकवतात. हे सगळं हवंच. 2019 च्या औषध चाचणी नियमांनंतर आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीतल्या नोंदणीच्या सक्तीनंतर अर्धवट ज्ञानावर ट्रायल करणं रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. पण एक प्रसंग सांगतो. सेकंड इयरची एक विद्यार्थिनी एसटीएसच्या प्रोजेक्टसाठी सिकलसेलच्या रुग्णांना भेटत होती. तिच्या प्रोफॉर्मात वेदनेचा रकाना होता, शून्य ते दहा. एका बाईंनी आकडा सांगायचं नाकारलं. त्या म्हणाल्या, "पाऊस लागला की सुरू होते. भात लावाले पाण्यात उभी राहिली की मग पाहा. आज कायले विचारता?" विद्यार्थिनी कागद घेऊन माझ्याकडे आली, "सर, आकड्यात काय लिहू?"

रकाना भरला नाही तर विश्लेषणात ती नोंद 'मिसिंग' होते. नियमानं पाहिलं तर तेवढंच. पण त्या बाईंनी प्रोफॉर्मापेक्षा चांगला प्रश्न हातात ठेवला होता. थंडी, ओल आणि अंगमेहनत यांनी दुखणं उसळतं हे पुस्तकात आहे, पण रोवणीच्या हंगामात, मजुरी बुडवता येत नसताना, नेमकं काय करायचं हे पुस्तकात नाही. आम्ही तो रकाना तसाच रिकामा ठेवला आणि बाईंचं वाक्य मागच्या कोऱ्या पानावर जसंच्या तसं लिहून घेतलं. दोन महिन्यांच्या विद्यावेतनात त्या पानाचं काही होणार नव्हतं. तिच्या अहवालात ते गेलंही नाही. मात्र संशोधक होणं म्हणजे काय, हे तिला कार्यशाळेपेक्षा त्या पानानं जास्त शिकवलं असावं, आणि मलाही.

आता पैशाच्या जमाखर्चाकडे. अनुदान आलं की सगळ्यांत आधी माणसं नेमली जातात, कंत्राटी. प्रोजेक्ट असिस्टंट, फील्ड वर्कर, तंत्रज्ञ. हप्ता येतो उशिरा आणि मार्च एंडच्या आत संपवायचा असतो. मग यूसी, म्हणजे पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, वेळेत जावा म्हणून धावपळ. या धावपळीत मी ज्याला 'मनुष्यबळ' या एका शब्दात उरकतो, तो मुलगा वाडीवस्तीवर जाऊन लोकांचा विश्वास मिळवत असतो. परिषदेला जातो मी, परदेशी प्रशिक्षणाला जातो मी किंवा माझा पीजी. त्याला मिळतं तीन वर्षांनी अनुभवाचं एक पत्र. आशाताई तर त्या पत्रातही नसते. संशोधनाची गुंतवणूक माणसांत होते असं आपण म्हणतो. कोणत्या पायरीवरच्या माणसांत, हे मात्र बजेटच्या तक्त्यात उघड दिसतं.

परदेशी पैशाचा विचार करताना मन आणखी गोंधळतं. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जॉन्स हॉपकिन्सच्या सहकार्यानं एचआयव्ही आणि क्षयरोगावर जे काम झालं, त्यातून इथलीच माणसं तयार झाली, हा फायदा खरा आहे. दुसरीकडे, मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर अमेरिकी अनुदानातून झालेल्या चाचणीनं दाखवलं की ॲसेटिक ॲसिड लावून केलेल्या साध्या तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटतात. पण तुलनागटातल्या स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, यावर मोठा वाद झाला. देशात तेव्हा अशी तपासणी सर्रास होतच नव्हती, हे संशोधकांचं उत्तर. दोन्ही बाजू वाचून मी अजूनही एका बाजूला ठाम उभा राहू शकत नाही. आणि 2025 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एनआयएचनं परदेशी संस्थांना मिळणाऱ्या उप-अनुदानांची जुनी पद्धत थांबवली, तेव्हा दुसऱ्याच्या तिजोरीवर बेतलेलं वेळापत्रक किती तकलादू असतं तेही दिसलं.

एवढं सगळं मांडल्यावर क्रमाचा प्रश्न मला पूर्वीइतका मोठा वाटत नाही. पैसा आधी आला की प्रश्न आधी आला, यापेक्षा पैसा संपल्यावर तिथे काय उरलं, ही कसोटी मला जास्त खरी वाटते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, 47 गावांशी तुलना केली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तिथे प्रशिक्षण मिळालं ते गावातल्याच बायकांना. म्हणून अभ्यास संपला तरी बाळाचं वजन करणारी, श्वास मोजणारी, न्यूमोनिया ओळखणारी आरोग्यदूत गावात राहिली. 2011 मध्ये हीच पद्धत आशांमार्फत देशभर नेण्याचं धोरण ठरलं. निबंधापासून धोरणापर्यंत बारा वर्षं गेली, पण मधल्या काळात त्या गावांमध्ये रिकामे हात नव्हते.

माझ्या संपलेल्या प्रकल्पांकडे या नजरेनं पाहिलं तर उरलेलं काय दिसतं? काही निबंध, बढतीच्या फाइलमधले काही गुण, आणि आपापल्या कॉलेजात आता गाइड झालेले काही विद्यार्थी. हे शून्य नाही, त्याला मी कमी लेखत नाही. पण ज्यांनी दंडातून रक्त दिलं, 'सही कुठं करू' विचारत अंगठा उठवला, त्यांना निष्कर्ष काय निघाला हे सांगायला आम्ही परत गेलो का, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच आहे. त्यासाठी बजेटमध्ये हेड नव्हता. आणि हेड का नव्हता, तर मी मागितला नव्हता.

पुढच्या प्रस्तावाचं काम सध्या सुरू आहे. विषय सिकलसेलच, कॉलही आहे, आणि कॉल पाहूनच सुरुवात केली आहे. त्याच्या बजेटमध्ये या वेळी दोन ओळी जास्त आहेत. एक फील्डवरच्या माणसांच्या प्रशिक्षणाची, त्यांना पुढे दुसरीकडे उपयोगी पडेल अशा सर्टिफिकेटसह. दुसरी, अभ्यास संपल्यावर गावोगाव जाऊन लोकांच्या बोलीत निष्कर्ष सांगण्याच्या खर्चाची. रोवणीच्या दिवसांतल्या दुखण्याचा प्रश्नही दुय्यम उद्दिष्टांमध्ये घातला आहे. छाननी समिती यातलं काही कापेलही. त्या खुर्चीवर बसलो की मीही कापतो. तसं झालं तर पहिली दोन कामं कमी पैशात कशी करायची ते पाहावं लागेल, आणि तिसऱ्याला पैसा लागतच नाही, पुढच्या आषाढात ओपीडीत एक वही ठेवली तरी पुरे.